काळी माती काढून फेकण्याआधी

"काळ्या मातीत रस्ता करायचा तर काळी काढा आणि मुरूम भरा. राख आणि भट्टीची घाण मातीत कालवून रस्ता होत नसतो." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे. बांधकाम विभागाच्या कार्यशाळेत ऐकलं, ठेकेदारांच्या बैठकीत ऐकलं, ग्रामसभेतही ऐकलं. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरं एक वाक्य येऊ लागलं आहे, आणि ते पर्यावरणाची खरी कळकळ असलेल्या माणसांकडून येतं: "कारखान्यांचा विषारी कचरा रस्त्याखाली पुरण्याची ही युक्ती आहे." पहिल्या वाक्यामागे अनुभव आहे, दुसऱ्यामागे भीती आहे. दोन्ही बोलणारी माणसं प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांना उडवून लावणं योग्य नाही. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या मते दोघांचंही चुकतं आहे, आणि त्या चुकीची किंमत आपल्या टेकड्या, आपले रस्ते आणि वीज केंद्रांशेजारची गावं मोजत आहेत.

आधी मातीबद्दल. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, खानदेश इथली काळी कशी वागते हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जातो. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात, जमीन वर उचलते आणि बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ आणि त्यांची आपसातली पकड इतकी सैल की पाणी थेट दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. पिकाला ओल धरून ठेवणारा हा गुण रस्त्याच्या मुळावर येतो. भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे चाकाचा भार पेलण्याची ताकद मोजणारा आकडा, बहुतेक वेळा एक ते तीनच्या दरम्यान येतो. जरा वर्दळीच्या रस्त्यासाठी तो किमान पाच लागतो. म्हणजे काहीतरी करावं लागतं, यावर कुणाचंच दुमत नाही. काय करायचं, यावर वाद आहे.

"राख कालवून रस्ता होत नसतो" म्हणणाऱ्यांना मी आधी आपल्याच जुन्या बांधकामाकडे घेऊन जातो. वाड्यांच्या भिंती, तलावांचे बांध, पुलांचे पाये ज्या चुन्यात बांधले तो नुसता चुना नसे. घाण्यात मळताना त्यात सुरखी घालत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, आणि तो बहुधा भट्टीवरच्या फुटक्या, विकल्या न जाणाऱ्या विटांचाच. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि पाण्याखाली तर होतच नाही. सुरखी पडली की तोच चुना पाण्यातही धरतो. कारण माती भाजली की तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी बोलायला मोकळी होतात. वीज केंद्राच्या धुराड्यात पकडलेली राख तरी दुसरं काय आहे? कोळशात मिसळलेली माती भट्टीच्या प्रचंड उष्णतेत वितळली आणि क्षणात थंड होऊन तिचे काचेसारखे बारीक गोळे झाले. ती आजची सुरखी आहे. फरक इतकाच की सुरखी कुटावी लागे, ही कुटलेलीच येते.

पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतल्या मळीचंही असंच आहे. खनिजातली माती आणि भट्टीत घातलेला चुनखडी एकत्र वितळून लोखंडावर तरंगतात. तो रस पाण्याच्या झोतात एकदम थंड केला की काचेची वाळू होते, आणि ती दळली की स्लॅग पावडर. तिच्यात चुना आधीच पुष्कळ असतो, म्हणून तिला जागं करायला बाहेरचा थोडा चुना किंवा सिमेंट पुरतं. भारतीय कोळशाच्या राखेत मात्र चुना फार कमी असतो. म्हणून नुसती राख मातीत टाकली तर ती बांधत नाही, ती केवळ भर होते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा एक मुद्दा आहे आणि पुढे तो पुन्हा येईल: राख आणि चुना जोडीने येतात. चुन्याशिवाय राखेला बाइंडर म्हणणं ही फसवणूक आहे, मग ते कुणीही म्हणो.

चुना मातीत पडला की दोन गोष्टी होतात. पहिली काही तासांतच होते: चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांना चिकटतं, पापुद्रे गोळा होतात आणि चिकट काळी रवाळ, भुसभुशीत वाटू लागते. दुसरी सावकाश होते. पाण्याचा पीएच साडेबाराच्या आसपास गेला की माती आणि राख या दोन्हींतली सिलिका विरघळू लागते आणि चुन्याशी मिळून घट्ट जेल बनवते. सिमेंट पक्कं होतं ते याच जातीच्या जेलमुळे. पण सिमेंटला जे आठवड्यात जमतं त्याला इथे महिने लागतात. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत सिमेंटच्या मिश्रणाची ताकद सात दिवसांनी तपासतात आणि चुना-राखेच्या मिश्रणाची अठ्ठावीस दिवसांनी. सात दिवसांचा ठोकळा फोडून "राखेत दम नाही" असा शेरा मारलेले अहवाल मी वाचले आहेत. तो शेरा नियमालाच धरून नाही.

आता "आमच्याकडे प्रयोग केला, फसला" या सर्वांत वजनदार वाटणाऱ्या पुराव्याकडे वळतो. असा एक फसलेला प्रयोग मी स्वतः उकरून पाहिला आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तीन-साडेतीन किलोमीटरचा जोडरस्ता होता. चार टक्के चुना, बारा टक्के राख, वर खडीकरण आणि डांबर, कागदावर सगळं व्यवस्थित. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याला लाटा आल्या आणि साइडपट्ट्या खचल्या. जिल्ह्यात निष्कर्ष पक्का झाला: राखेचा रस्ता गेला. मला पाहायला बोलावलं तेव्हा आम्ही पाच ठिकाणी खड्डे खणले आणि खड्ड्यांच्या भिंतींवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं. चुना मुरला असेल तिथे हे रसायन लगेच गर्द गुलाबी होतं. चार खड्ड्यांत गुलाबी रंग वरच्या तीन-चार इंचांत दिसला, तोही पट्ट्यापट्ट्यांनी. त्याखाली मुठीएवढी ढेकळं होती, बाहेरून गुलाबी, आतून काळीच. आराखड्यात वीस इंच खोलीपर्यंत मिश्रण होतं. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने सहा इंचांखाली काही पोचवलंच नव्हतं.

खड्ड्याशी उभे असलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "साहेब, त्या दिवशी वाफसाच नव्हता. ढेकळं फुटलीच नव्हती. अशा रानात आम्ही पेरत नाही." त्या एका वाक्यात आमच्या विषयाचं निम्मं पुस्तक आहे. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला दबाईसाठी योग्य ओल म्हणतो तो रस्त्याचा वाफसाच. फार ओली माती लाटली जाते, मिसळत नाही. फार कोरडी असेल तर ढेकूळ फुटत नाही आणि रासायनिक क्रियेला पाणी उरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने चुना मिसळण्याआधी काळ्या मातीची ढेकळं कशी फोडायची यावर १९७३ सालीच स्वतंत्र संहिता काढली होती. १९८४ साली चुना-राख-मातीच्या थरांवर आणखी एक काढली. म्हणजे काय करायला हवं हे चार-पाच दशकांपासून लिहिलेलं आहे.

पाचवा खड्डा एका मोरीच्या पोचरस्त्यावर होता. तिथलं काम पहिल्या दिवशी, वरिष्ठ उभे असताना झालं होतं. ढेकळं फोडली होती, चुना दोन हप्त्यांत टाकला होता, रोलर त्याच दिवशी फिरला होता आणि पुढे पोती टाकून पाणी मारलं होतं. त्या खड्ड्याची भिंत वरपासून खालपर्यंत गुलाबी झाली. पहार मारली तेव्हा ठण्ण आवाज आला. माती तीच, राख तीच, चुना तोच. वरचा रस्ता तिथे जागचा हललेला नव्हता. जिल्ह्याच्या अहवालात या पाचव्या खड्ड्याचा उल्लेख नाही.

म्हणून फसलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगणाऱ्याला मी एवढंच विचारतो: खड्डा खणला होता का? रंग किती खोल गेला होता? मिसळल्यापासून दबाईपर्यंत किती तास गेले? यांची उत्तरं नसतील तर त्या गोष्टीवरून राखेबद्दल काही कळत नाही. निकृष्ट काँक्रीटचा स्लॅब पडला म्हणून आपण सिमेंट वापरणं सोडत नाही.

आता "काळी काढा, मुरूम भरा" हा जो सुरक्षित मार्ग सांगितला जातो तो किती सुरक्षित आहे ते पाहू. या मताच्या बाजूने एक मोठं नाव घेतलं जातं, आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांचं. त्यांच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकण असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दिला की खालची फुगवण आटोक्यात येते, हे त्यांनी मोठ्या प्रयोगांतून दाखवलं, आणि कालव्यांच्या अस्तरांखाली ते वापरलंही गेलं. पण त्यांच्या थराला ठरलेले गुणधर्म होते आणि ठरलेली जाडी होती. तालुक्याच्या रस्त्यावर फूट-दीड फूट काळी उपसून जवळच्या टेकडीचा मिळेल तो मुरूम ओतणं याला कट्टींचं तंत्र म्हणता येणार नाही. मुरूम पाणी पाझरू देतो, दोन्ही बाजूंची आणि तळाची काळी देत नाही. म्हणजे आपण शेताच्या मधोमध एक लांबलचक हौद खणतो आणि त्यात दगडाचा चुरा भरतो. पावसाळ्यात साइडपट्टीतून आत गेलेलं पाणी त्या हौदात साठतं, तळची काळी आठवडेच्या आठवडे भिजत राहते आणि रस्ता खालून खचतो. त्यात मऊ मुरूम दोन पावसाळ्यांत स्वतःच चिकण होतो. मुरमाचे रस्ते खचलेले आपण रोज पाहतो, पण "मुरमाचा प्रयोग फसला" असं कुणी म्हणत नाही, कारण त्याला कुणी प्रयोग मानतच नाही.

आणि हा मुरूम येतो कुठून? एक ढोबळ हिशेब मांडतो. एक किलोमीटर रस्ता, साडेसात मीटर रुंदी, अर्धा मीटर खोली: पावणेचार हजार घनमीटर, म्हणजे सव्वातेराशे ब्रास. हायवा पाच ब्रासची धरली तरी अडीचशेच्या वर खेपा, आणि सुटं घनफळ धरलं तर त्याहून जास्त. तेवढीच काळी उचलून दुसरीकडे न्यायची ती वेगळी. वजनात सांगायचं तर साडेसहा हजार टनांहून जास्त मुरूम आणायचा आणि साडेपाच हजार टन माती न्यायची. त्याच अर्ध्या मीटर काळीत चार टक्के चुना आणि बारा टक्के राख मिसळायची तर सुमारे सव्वादोनशे टन चुना आणि पावणेसातशे टन राख, म्हणजे एकूण नऊशे टन आणावं लागतं. गावाला जाणाऱ्या कच्च्या वाटेवरून किती जड वाहनं जाणार, याचा हा फरक आहे. त्या वाहनांनी आधीचा रस्ता मोडतो आणि त्याच्या दुरुस्तीची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते. मराठवाड्यात गेल्या वीस वर्षांत किती टेकड्यांचे कडे उभे कापले गेले, किती खदानी उघड्या राहिल्या आणि त्यांत साचलेल्या पाण्यात किती गुरं आणि पोरं बुडाली, हे तिथल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. गौण खनिज हे नाव त्या टेकडीला शासनाने दिलं. गावाच्या लेखी टेकडी गौण कधीच नव्हती.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी माझा मतभेद आहे, आणि तो लपवणं बरं नाही. राखेच्या रस्त्याची जाहिरात करणारे "कार्बन वाचतो" हे पहिलं कारण सांगतात. मुरमाशी तुलना करताना ते बहुतेक वेळा खोटं ठरतं. शंभर किलो चुनखडी भाजली की छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीचं इंधन वेगळंच. म्हणजे वरच्या हिशेबातल्या सव्वादोनशे टन चुन्यामागे केवळ रसायनातूनच पावणेदोनशे टन वायू. दहा-पंधरा किलोमीटरवरून मुरूम आणण्याचं डिझेल याच्या जवळपासही जात नाही. कार्बनचा दावा खरा ठरवायचा तर भाजलेल्या चुन्याचं प्रमाण घटवावं लागेल. सिमेंट वापरणारच असलो तर त्याच्या जागी स्लॅग घालून ते घटतं. चुन्याच्या काही भागाच्या जागी अॅसिटिलीन वायूच्या कारखान्यातला कार्बाइडचा चुना वापरूनही घटतं, कारण तो रासायनिकदृष्ट्या विरलेला चुनाच असतो आणि बहुतेक ठिकाणी खड्ड्यांत साचून राहतो. मुरूम जवळ असताना आपण जी बाजू मांडतो ती टेकडीची, पाण्याची आणि राखेच्या तळ्याची आहे. तेवढी पुरेशी आहे. तिला खोट्या आकड्यांचा टेकू कशाला?

राखेच्या तळ्याचा विषय निघाला म्हणून आता दुसऱ्या आक्षेपाकडे, विषाकडे. राखेत आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम, पारा यांचा अंश असतो. हे खरं आहे आणि नाकारणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. प्रश्न आहे की राख आज कुठे आहे. ती आज हवेत नाहीशी झालेली नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे इथल्या केंद्रांच्या आजूबाजूला पाण्यात कालवलेली राख बंधाऱ्यांच्या आत पडून आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला आणि राखेचा लोंढा शेतांतून नदीपर्यंत गेला. ज्या कन्हानचं पाणी नागपूर पितं, तिच्या खोऱ्यातली ही घटना. उन्हाळ्यात त्याच तळ्यांवरची कोरडी राख वाऱ्याबरोबर घरांत, चुलीवरच्या भांड्यांत आणि मुलांच्या छातीत जाते. तेव्हा तुलना करायची ती "राख" आणि "राख नाही" यांच्यात नव्हे. उघड्या, पाणी भरलेल्या तळ्यातली राख आणि चुन्याने बांधलेल्या, दाबलेल्या, वर डांबराचं आच्छादन असलेल्या थरातली राख, अशी ती तुलना आहे. चुन्याच्या जेलमध्ये अडकलेल्या कणाभोवती पाणी फार कमी फिरतं, आणि बरेच धातू त्या क्षारीय वातावरणात अविद्राव्य होतात.

पण सगळेच होत नाहीत. आर्सेनिक, सेलेनियम आणि सहा-संयुजी क्रोमियम उलट वागू शकतात, पीएच वाढला की पाण्यात सुटू शकतात. म्हणून पर्यावरणवादी मित्रांची शंका पूर्ण रास्त आहे आणि तिचं उत्तर चाचणीतच आहे. प्रत्येक केंद्राची राख वेगळी असते. तिची चाचणी नुसत्या भुकटीवर करून भागणार नाही, अठ्ठावीस दिवस मुरवलेल्या मिश्रणाच्या ठोकळ्यावर पाणी फिरवून व्हायला हवी. जिथे भूजल उथळ आहे किंवा विहीर रस्त्याला लागून आहे तिथे निकाल स्वच्छ आल्याखेरीज काम सुरू होता कामा नये. ही अट घाला, मी तुमच्याबरोबर सही करतो. "राख नकोच" म्हणाल तर मात्र तुम्ही ती तळ्यात ठेवा असं म्हणता आहात, आणि तळ्याशेजारच्या माणसाला कुणी विचारलेलं नाही.

त्याच मित्रांचा एक संताप मला पूर्ण पटतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशात २७ कोटी टन राख झाली आणि तिच्या ९५ टक्क्यांहून अधिकचा "वापर" झाला. पण त्या वापरात सखल जमिनी भरणं आणि खाणी बुजवणं हेही मोजलं जातं. ट्रक आला, तळ्यातली राख कुणाच्या पडीक जमिनीत ओतली, वर मातीचा हात फिरवला, झाला वापर. यात ना चुना, ना मिश्रण, ना ताकदीची चाचणी. याला मी मातीचं बळकटीकरण म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. १९९९ च्या पहिल्या अधिसूचनेपासून ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेपर्यंत केंद्राने राख खपवण्याचे आकडे वाढवत नेले, पण ती कुठे कशी बांधली गेली याचा वेगळा हिशेब लोकांसमोर कधी ठेवला नाही. या ढिलाईने राखेची बदनामी झाली, आणि आता तीच बदनामी चांगल्या कामाच्या आड येते.

कुणी म्हणेल, चांगली कोरडी राख तर सिमेंट कारखाने घेऊन जातात, स्लॅगही तेच नेतात, मग रस्त्याला उरतं काय? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते आणि त्यासाठी बारीक राखेला मागणी आहे. तळ्यातली जाडी-भरडी राख तितकी क्रियाशील नसते, म्हणून तिच्याकडून कोरड्या राखेइतकी अपेक्षा धरणं चूक. परदेशात तर मूळ झराच आटतो आहे. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा-वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, बंद झालं आणि टाटा स्टीलच्या पोर्ट टॅलबॉटमधली शेवटची झोतभट्टीही त्याच दिवशी थंडावली. तिथल्या अभियंत्यांना आता नवे बाइंडर शोधावे लागत आहेत. आपल्याकडे निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशाची आहे आणि दशकानुदशकं साठलेली राख तळ्यांत आहे. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी तरी टंचाई हे कारण टिकत नाही. कारण टिकतं ते अंतराचं. परळीची राख कोकणात नेणं मूर्खपणा आहे. रस्त्याचा बाइंडर जवळचाच असावा लागतो.

आणि कोकणाजवळ त्याचा स्वतःचा बाइंडर आहे. न्हावा-शेव्यापासून धरमतरच्या खाडीपर्यंतचा गाळ काळ्या मातीहून वेगळा: फुगत नाही, पण त्यात पाण्याचं वजन अनेकदा कोरड्या मातीच्या वजनाइतकं भरतं आणि त्यावर उभा राहिलेला माणूस खाली जातो. तिथे आज दोन उपाय चालतात, एकतर डोंगर फोडून भराव टाकायचा, नाहीतर निचऱ्याच्या पट्ट्या टोचून वर भार ठेवून महिनोन्महिने थांबायचं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली. जपान आणि स्वीडन या देशांनी १९७०च्या दशकापासून तिसरा उपाय पक्का केला: गाळातच खोलवर पाती फिरवून त्यात बाइंडर मिसळायचा आणि जागच्या जागी खांब तयार करायचे. जपानी बंदरांत या कामाला स्लॅग असलेलं सिमेंट सर्रास वापरतात, कारण खाऱ्या गाळात ते साध्या सिमेंटपेक्षा चांगलं टिकतं. आपल्याकडे डोलवीचा पोलाद कारखाना त्याच खाडीपट्ट्यात उभा आहे. स्लॅग आणि गाळ शेजारी असताना आपण टेकडी शोधत फिरतो, हे मला अभियंता म्हणून पटत नाही.

"शुद्ध चुना किंवा शुद्ध सिमेंटच खरं" म्हणणाऱ्यांसाठी एक परदेशातलं उदाहरण पुरेसं आहे. इंग्लंडमध्ये एम-४० महामार्गाच्या कामात, १९८९ मध्ये, बॅनबरीजवळ मातीत चुना मिसळला. त्या मातीत गंधकयुक्त क्षार होते. हिवाळ्यात पाणी शिरलं, चुना, क्षार आणि मातीतली अॅल्युमिना यांचं एट्रिंगाइट नावाचं फुगीर खनिज झालं आणि तयार केलेला थर उचलला गेला. पुढे तिथल्याच संशोधनातून दिसलं की चुन्याचा मोठा भाग काढून त्या जागी स्लॅग घातला की ही फुगवण आटोक्यात येते. म्हणजे निर्मळ मानलेल्या बाइंडरने रस्ता उचलला आणि टाकाऊ मानलेल्याने तो बसवला. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनींतून रस्ता नेणाऱ्याने हे आधी वाचायला हवं.

टाकाऊ म्हणून सगळंच घ्यावं असं मात्र मी म्हणत नाही. उसाच्या चिपाडाची राख साखर कारखान्यांत ढिगांनी मिळते, पण ती अर्धवट जळलेली, कोळशाने काळी असेल तर बांधत नाही. ती चाळावी, दळावी, कधी पुन्हा भाजावी लागते. कागद कारखान्यातला चुन्याचा गाळ पांढरा दिसतो, पण तो बहुतांशी न भाजलेली चुनखडीच असतो. त्याने माती बांधली जात नाही. खताच्या कारखान्यातलं जिप्सम स्वस्त असतं, आणि वर सांगितलेली फुगवण तेच बोलावून आणतं.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला माझी विनंती आहे. काळ्या मातीतल्या पुढच्या निविदेत एक किलोमीटर चुना-राखेचा ठेवा, शेजारचा एक किलोमीटर मुरमाचा. ढेकळं फोडण्यासाठी खोल जाणारं मिक्सर यंत्र निविदेतच सक्तीचं करा, रोटाव्हेटरवर भागवू नका. अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीचे आणि पाण्यात उतरणाऱ्या धातूंचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दोन पावसाळे गेले की दोन्ही किलोमीटरांवर गावकऱ्यांसमोर खड्डे खणा, भिंतींवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा, तळची माती हातात घेऊन पाहा. मुरमाचा किलोमीटर चांगला निघाला तर मी तसं लिहीन. पण पाचवा खड्डा अहवालातून गाळू नका.